प्रतीक्षा यादीत पहिला क्रमांक आणि हातात "मुदत संपली" असं पत्र: आता पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राज्य शासनाच्या एका विभागात गट-क ची सरळसेवा भरती झाली. इतर मागासवर्ग महिला या जागेसाठीच्या प्रतीक्षा यादीत विचारणाऱ्या ताईंचा पहिला क्रमांक, गुण १४१. निवडसूची गेल्या वर्षी मे महिन्यात लागली. या जागेवर निवड झालेल्या उमेदवाराचे गुण १४३. तिने ऑगस्टमध्येच "मी रुजू होणार नाही" असं लेखी कळवलं, पण कार्यालयाने तिचा नियुक्ती आदेश रद्दच केला नाही. ताईंनी नोव्हेंबरमध्ये निवेदन दिलं, त्याला उत्तर नाही. यंदा मेअखेर पत्र आलं: निवडसूचीची मुदत संपली, पद पुढील भरतीत घेण्यात येईल. प्रश्नाच्या शेवटी जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली आहे. खुल्या गटातील महिलांच्या जागेवरची एक उमेदवार रुजू झाली नाही, तेव्हा डिसेंबरमध्ये त्या जागेवर खुल्या महिला प्रतीक्षा यादीतल्या १३८ गुणांच्या उमेदवाराला नियुक्ती मिळाली.

ताई, जे तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंत ते तुमच्या प्रकरणाचं सगळ्यात भक्कम अंग आहे. त्याकडे वळण्याआधी पहिल्या मुद्द्याचा विचार करू, कारण बहुतेक उमेदवार त्याच मुद्द्यावर मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, येतात आणि अपुऱ्या तयारीमुळे हरतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९१ मध्ये शंकरसन दाश प्रकरणात सांगितलं की निवड यादीत नाव आलं म्हणून नियुक्तीचा अबाधित हक्क तयार होत नाही. सरकारी वकील हे वाक्य प्रत्येक सुनावणीत वाचतात. त्याच निकालाचा पुढचा भाग मात्र तुमच्या वकिलाने वाचायचा असतो: याचा अर्थ शासनाला मनमानीची मुभा आहे असा नाही, जागा न भरण्याचा निर्णय योग्य कारणासाठी आणि प्रामाणिकपणे घेतलेला असला पाहिजे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेजप्रकाश पाठक प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हीच भूमिका कायम ठेवली. निवड यादीतल्या क्रमांकाने हक्क मिळत नाही, पण जागा रिकामी असताना विचारकक्षेतल्या उमेदवाराला कारणाशिवाय डावलता येत नाही आणि डावललं तर कारण शासनाने दाखवायचं. म्हणून "माझा पहिला नंबर आहे, मला नोकरी द्या" एवढ्यावर थांबणारा अर्ज दुबळा ठरतो. "जागा अमुक तारखेला रिकामी झाली, यादी तेव्हा जिवंत होती, मी मागणी केली होती आणि कार्यालयाने काहीही कारण न देता काळ घालवला", अशी मांडणी टिकते.

प्रतीक्षा यादीबद्दल एक मोठा गैरसमज आहे, तोही इथेच दूर करते. गुजरातच्या उपकार्यकारी अभियंत्यांच्या संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये म्हटलं की प्रतीक्षा यादी हा भरतीचा स्रोत नाही. जाहिरात केलेल्या जागांपैकी एखादी निवड झालेल्या उमेदवाराच्या न येण्याने रिकामी राहिली, तर ती भरण्यापुरतीच ही यादी असते. त्यामुळे "त्यानंतर चार जण निवृत्त झाले, त्या जागांवर आम्हाला घ्या" ही मागणी करू नका. जाहिरातीबाहेरच्या जागा मागितल्या की न्यायाधिकरणाचं मन तिथेच बदलतं आणि जो मुद्दा खरा आहे तोही झाकोळला जातो. तुमची जागा जाहिरातीतलीच आहे, हे अर्जाच्या पहिल्या पानावर यायला हवं.

आता मुदतीकडे. जाहिरात पुन्हा काढा आणि निवडसूचीच्या वैधतेचा परिच्छेद शब्द न् शब्द वाचा. अनेक ठिकाणी "एक वर्ष किंवा पुढील जाहिरात, यापैकी जे आधी घडेल" असा नियम असतो. जिल्हा निवड समित्यांच्या अलीकडच्या जाहिरातींत वेगळी भाषा दिसते: निवडसूची एक वर्षासाठी, किंवा ती तयार करताना ज्या दिनांकापर्यंतची रिक्त पदे विचारात घेतली त्या दिनांकापर्यंत, "यापैकी जे नंतर घडेल" तोपर्यंत विधिग्राह्य. "आधी" आणि "नंतर" या एका शब्दाने काही महिन्यांचा फरक पडू शकतो. विभागाच्या पत्रात "मुदत संपली" एवढंच लिहिलं आहे. कोणत्या तरतुदीनुसार आणि कोणत्या तारखेला संपली, हे नाही. ते आधी लेखी मागा.

तरी समजू की मुदत खरोखरच मेमध्ये संपली. मग सगळं संपलं का? नाही. आपल्याच राज्यातल्या वीज मंडळाविरुद्धच्या पुरुषोत्तम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये स्पष्ट केलं की निवड झालेल्या उमेदवाराला चुकीने डावललं असेल, तर दरम्यान यादीची मुदत संपली किंवा त्या जागेवर दुसरा कोणी आला या सबबीवर त्याचा हक्क हिरावता येत नाही. चूक नियोक्त्याची आहे, उमेदवाराची नाही. अर्थात तो उमेदवार मुख्य यादीतला होता आणि तुम्ही प्रतीक्षा यादीत आहात. हा फरक विभाग दाखवणारच. त्याला उत्तर तुमच्या तारखांत आहे. ऑगस्टमध्ये लेखी नकार आला त्या क्षणी प्रतीक्षा यादी वापरायची वेळ आली. यादीला आणखी नऊ महिने आयुष्य होतं. नोव्हेंबरमध्ये तुम्ही निवेदन दिलं. त्यानंतरचा प्रत्येक महिना कार्यालयाच्या खात्यावर जातो. निवेदनाची आवक शिक्का असलेली प्रत जपून ठेवली आहे ना? पोच नसलेलं निवेदन न्यायाधिकरणासमोर नसल्यासारखंच असतं.

इथे "रुजू न होणे" आणि "रुजू होऊन सोडणे" यांतला भेद सांगायला हवा, कारण तुमच्यासारख्याच स्थितीतले अनेक जण हे उत्तर वाचतील. उमेदवार रुजूच झाला नाही तर जागा कधी भरलीच गेली नाही, हे सरळ आहे. पण रुजू होऊन दोन-तीन महिन्यांत तलाठी, पोलीस किंवा लोकसेवा आयोगाच्या दुसऱ्या पदावर गेला, तर सर्वसाधारण तत्त्वाने जागा एकदा भरली गेली आणि नंतरची रिक्तता नवी ठरते. महाराष्ट्रातल्या अनेक जाहिरातींत मात्र याला अपवाद लिहिलेला असतो: रुजू झाल्यानंतर "नजीकच्या कालावधीत" राजीनामा दिला किंवा मृत्यू झाला तर ते पद त्या त्या प्रवर्गाच्या निवडसूचीतील अतिरिक्त उमेदवारांतून भरावं. नजीकचा म्हणजे किती दिवस, हे कुठेच धड सांगितलेलं नाही. एक कार्यालय तीन महिन्यांनंतर दिलेल्या राजीनाम्यावर प्रतीक्षा यादी चालवतं, दुसरं त्याच परिस्थितीत नकार देतं. ही संदिग्धता शासनाने दूर करायलाच हवी. तोवर तरी, त्याच विभागाने दुसऱ्या कोणाला असा लाभ दिला असेल तर ते उदाहरण शोधणं हा उमेदवाराचा सगळ्यात चांगला पुरावा असतो. जिथे नियमांतच प्रतीक्षा यादीची सोय नाही, तिथे काहीच मागता येत नाही. आंध्र प्रदेशातल्या शिक्षक भरतीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये नेमकं हेच सांगितलं: नियमात प्रतीक्षा यादी नाही, न भरलेली जागा पुढच्या भरतीत जाणार.

आता तुमची शेवटची ओळ.

विभागाने खुल्या महिला जागेवर १३८ गुणांच्या उमेदवाराला घेतलं आणि १४१ गुण असलेल्या तुम्हाला विचारलंही नाही. विचारलंत तर उत्तर तयार असेल: "तुम्ही ओबीसीच्या यादीत आहात, खुल्या यादीत नाही." जाहिरातीतले "त्या त्या प्रवर्गाच्या निवडसूचीतून" हे शब्द ते पुढे करतील. माझ्या मते तुमचं प्रकरण याच ठिकाणी जिंकलं जाऊ शकतं.

सामाजिक आरक्षण म्हणजे अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागासवर्ग वगैरे. महिला, माजी सैनिक, खेळाडू, प्रकल्पग्रस्त, दिव्यांग, अनाथ हे समांतर आरक्षण. ते प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आत आडवं फिरतं. मागास प्रवर्गातला उमेदवार खुल्या गुणवत्तेत बसला तर तो आरक्षित जागेवर मोजायचा नाही, हे १९९२ च्या इंद्रा साहनी निकालापासून पक्कं आहे. गोंधळ होता तो खुल्या गटातल्या महिलांच्या जागांबाबत. या जागा फक्त बिगरमागास महिलांसाठी आहेत, असं समजून आपल्याकडे कित्येक याद्या लागल्या. शासनाच्या ऑगस्ट २०१४ च्या परिपत्रकानुसार समांतर आरक्षणाची कार्यवाही होत असे आणि त्यातून मागासवर्गीय मुली बाहेर फेकल्या जात. मुंबई उच्च न्यायालयाने वेगवेगळ्या प्रकरणांत ही समजूत अमान्य केली, आणि डिसेंबर २०१८ च्या शुद्धिपत्रकाने कार्यपद्धती सुधारली. पुढे १८ डिसेंबर २०२० रोजी सौरव यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी प्रश्न मिटवला. उच्च न्यायालयांत दोन मतं होती. मुंबई, राजस्थान, उत्तराखंड आणि गुजरातचं मत बरोबर ठरलं. न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी स्वतंत्र मतात लिहिलं की खुला गट हा कोटा नाही, तो सर्व स्त्री-पुरुषांना सारखाच उपलब्ध आहे. माझ्या अशिलांना मी हे वाक्य नेहमी समजावून सांगते, कारण मागास प्रवर्गातल्या मुलीही स्वतःला खुल्या जागेवर परक्या समजतात.

विभागाने काय करायला हवं होतं, ते तुमच्याच आकड्यांवर पाहा. खुल्या महिला जागेवर निवड झालेली एक उमेदवार आली नाही. मग जातीचा रकाना झाकायचा आणि निवड न झालेल्या सगळ्या महिलांची गुणानुक्रमे एकच यादी लावायची. त्या यादीत सर्वांत वर जी असेल तिला ती जागा. तुमचे १४१, त्या उमेदवाराचे १३८. १४३ गुणांची ओबीसी उमेदवार तुमच्या आधी येते, पण तिने सेवाच नाकारली आहे. म्हणजे तुमच्या वर कोणी उरलं नसेल तर खुली जागा तुमची. इथे एक सावधगिरी बाळगा. अनुसूचित जाती, भटक्या जमाती किंवा अन्य प्रवर्गाच्या महिला प्रतीक्षा यादीत १४१ पेक्षा जास्त गुणांची कोणी आहे का, हे आधी तपासा. असेल तर खुल्या जागेवर तिचा हक्क तुमच्या आधी लागतो आणि मग तुम्हाला ओबीसी महिला जागेच्या मुद्द्यावरच भर द्यावा लागेल. ही तपासणी न करता दाखल केलेले अर्ज मी पाहिले आहेत. पहिल्याच सुनावणीत सरकारी बाजू जास्त गुणांचं नाव काढते आणि अर्जदार निरुत्तर होतो.

सौरव यादव निकाल मुख्य निवडीबाबत आहे, प्रतीक्षा यादीबाबत नाही, असं म्हटलं जाईल. माझं म्हणणं असं की रिकामी झालेली जागा तिचा मूळ स्वभाव सोडत नाही. मुख्य निवडीच्या दिवशी जी जागा सर्व महिलांसाठी खुली होती ती डिसेंबरमध्ये एका गटाची कशी होईल? प्रतीक्षा यादी प्रवर्गनिहाय छापणं ही कार्यालयाची सोय आहे. त्या सोयीमुळे कमी गुणांची उमेदवार जास्त गुणांच्या उमेदवाराच्या पुढे जात असेल, तर समानतेच्या तत्त्वाला, म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद १४ आणि १६ ला, थेट धक्का बसतो.

अडचण येऊ शकते ती सवलतींची. तुम्ही वय २९ लिहिलं आहे, म्हणजे खुल्या गटाच्या ३८ वर्षांच्या मर्यादेच्या आतच. वयाची सवलत तुम्ही वापरलेली नाही. ज्यांनी वापरली आहे त्यांचं काय? तिथे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्या त्या भरतीच्या नियमांवर अवलंबून गेले आहेत. २०१० मध्ये उत्तर प्रदेशच्या प्रकरणात शुल्क आणि वयाची सवलत घेऊनही खुल्या जागेवर जाता आलं, कारण तिथल्या कायद्यात तशी तरतूद होती. दीपा प्रकरणात (२०१७) आणि गुजरात लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात (२०१९) नियमानेच मनाई केल्यामुळे जाता आलं नाही. तुम्ही मागासवर्गीयांचं कमी परीक्षा शुल्क भरलं असेल, तर त्याबद्दल जाहिरातीत काही बंधन आहे का ते पाहून ठेवा. खुल्या महिला जागेसाठी नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची अट २०२३ मध्ये शासनाने काढून टाकली आहे. ओबीसी जागेच्या दाव्यासाठी मात्र ते लागणारच, आणि जाहिरातीत सांगितलेल्या कालावधीचंच.

कागद मिळवण्यासाठी आजच माहिती अधिकाराचा अर्ज करा. नावं मागू नका. वैयक्तिक माहितीच्या कलमावर बोट ठेवून नकार येतो आणि अपिलात महिने जातात. जागा, क्रमांक आणि तारखा मागा. जाहिरातीतल्या प्रत्येक महिला जागेवर कोणत्या गुणवत्ता क्रमांकाच्या उमेदवाराची शिफारस झाली, नियुक्ती आदेश कधी निघाला, रुजू होण्याची मुदत काय होती, मुदतवाढ दिली का, नकारपत्र कोणत्या आवक क्रमांकाने आलं, आदेश कधी रद्द झाला. सोबत तुमच्या निवेदनावरची टिपणी आणि विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाने तपासलेली बिंदुनामावली, म्हणजे कोणतं पद कोणत्या प्रवर्गाचं हे दाखवणारी नोंदवही. टिपणीत पुष्कळदा सगळं सापडतं. लिपिकाने "प्रतीक्षा यादीतील क्रमांक १ ला नियुक्ती देणे योग्य राहील" असं लिहिलेलं असतं आणि वर कुणीतरी "चर्चा करावी" असा शेरा मारून नस्ती थांबवलेली असते. असा एक कागद दहा निकालांच्या बरोबरीचा.

माहिती येईपर्यंत दावा थांबवू नका. तुमचा विभाग राज्य शासनाचा असल्याने जावं लागेल महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे: मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर, जे तुमच्या जिल्ह्याला लागू असेल ते. जिल्हा परिषदेची भरती असती तर मॅटला अधिकार नव्हता, उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागली असती. चुकीच्या दारात गेलेले महिने परत मिळत नाहीत, म्हणून हे आवर्जून सांगते. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ च्या कलम २१ नुसार अंतिम आदेशापासून एक वर्षात अर्ज करावा लागतो. ओबीसी जागेबाबत मे महिन्यातल्या पत्रापासून मोजणी सुरू होते. खुल्या महिला जागेवरची नियुक्ती मात्र डिसेंबरची आहे, तेव्हा सुरक्षित मार्ग म्हणजे येत्या डिसेंबरच्या बऱ्याच आधी दोन्ही मुद्दे एकाच मूळ अर्जात आणणं. निवेदनामागून निवेदनं देत राहिल्याने मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे. मंत्र्यांची पत्रं आणि आमदारांच्या शिफारशीही यात उपयोगाच्या नाहीत.

१३८ गुणांच्या त्या उमेदवाराला प्रतिवादी करा. मनाला जड जाईल, कारण तिची काही चूक नाही. पण ज्यांच्या नियुक्तीला धक्का लागू शकतो त्यांना ऐकून घेतल्याशिवाय आदेश होत नाही. १९८४ च्या प्रबोध वर्मा निकालापासून हा दंडक आहे. तिला न जोडल्यामुळे अर्ज फेटाळला जाऊ शकतो. मागणी मात्र तिला काढण्याची नको. सौरव यादव प्रकरणात खुल्या महिलांची शेवटची निवड २७४.८२९८ गुणांवर झाली होती. त्याहून जास्त गुण असलेल्या ओबीसी महिलांना चार आठवड्यांत नियुक्तिपत्रं द्यायला सांगताना न्यायालयाने आधी नेमलेल्या महिलांना हात लावला नाही. तुमच्या प्रकरणात तर ओबीसी महिलेची जागा अजून रिकामीच आहे. ती मिळाली तरी कोणाचं घर मोडत नाही, आणि न्यायाधिकरणाला असा तोडगा देणं सोपं जातं.

अर्ज दाखल करताना त्याच दिवशी अंतरिम आदेश मागा: निकाल लागेपर्यंत इतर मागासवर्ग महिलेचं एक पद रिकामं ठेवावं आणि नव्या मागणीपत्रात ते घेऊ नये. विभाग म्हणेल की पद पुढच्या भरतीत ओबीसीसाठीच जाणार आहे, आरक्षणाचं काहीच नुकसान नाही. प्रवर्गाचं नुकसान नाही हे खरं, पण परीक्षा देऊन, गुण मिळवून, योग्य वेळी मागणी केलेल्या माणसाचं आहे, आणि न्यायाधिकरणासमोर दाद तीच व्यक्ती मागते आहे. पद एकदा नव्या जाहिरातीत गेलं आणि त्यावर दुसरी मुलगी निवडली गेली की तुमचं काम दुपटीने अवघड होतं. म्हणून उशीर इथे नको.

नवी जाहिरात आली तर अर्ज भरा, परीक्षाही द्या. तुमच्या वकिलांकडून मूळ अर्जात एवढं नमूद करून घ्या की जुन्या भरतीतला हक्क अबाधित ठेवून तुम्ही नव्या भरतीत भाग घेत आहात. अंतिम मागणीत नियुक्तीबरोबर तुमच्या बॅचमधल्या उमेदवारांच्या तारखेपासून मानीव ज्येष्ठता, म्हणजे त्याच तारखेला रुजू झाल्यासारखी धरलेली ज्येष्ठता, मागा. मागचा पगार मागू नका असं मी म्हणणार नाही, पण न केलेल्या कामाचा पगार क्वचितच मिळतो. ज्येष्ठता मात्र पुढच्या प्रत्येक पदोन्नतीला उपयोगी पडते, तिच्यासाठी आग्रह धरा.